कॉफीवाल्या मंत्र्यांवरचा राग

दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातल्या प्रभाताई मयेकरांना लेकीचा जन्म कधीचा असं विचारलं, तर त्या साल सांगायच्या नाहीत. "बिनसाखरेच्या वेळचा," म्हणायच्या. ऐकणारा बुचकळ्यात पडे. त्याचं काय होतं, त्यांचे यजमान सूर्यकांत आरोग्यमंत्र्यांच्या कार्यालयात कायम नोकरीला, आणि तोंडाचे इतके मिटलेले की तीस वर्षांत त्यांनी घरी येऊन मंत्र्यांविषयी एकच गोष्ट सांगितली: साहेब चहा कसा घेतात. देशाच्या आरोग्याचं काय चाललंय ते लोक पेपरात वाचत, प्रभाताईंना फक्त साखर कळे. मग घरात मंत्र्यांची नावंही तशीच पडली. बिनसाखरवाले, गुळवाले, लिंबूवाले, कॉफीवाले. असे अकरा मंत्री आले नि गेले. खुर्ची तीच राहिली आणि खुर्चीशेजारचे सूर्यकांतही तेच.

दहा जणांबद्दल प्रभाताईंचं मत चांगलं होतं. कॉफीवाले मात्र टीव्हीवर दिसले की त्या चॅनल बदलत. "मेल्यानं माझं घर होऊ दिलं नाही," असं एवढ्या सोज्वळ बाईच्या तोंडून ऐकून त्यांची लहानगी लेक स्वानंदी दचकायची.

या रागाचं मूळ गुहागरजवळच्या पालशेतला होतं. तिथं प्रभाताईंची थोरली बहीण, अक्का. आई लवकर गेली, तेव्हा अक्कानंच प्रभाच्या वेण्या घातल्या, अक्कानंच धपाटे दिले आणि अक्कानंच लग्न लावून दिल्लीला धाडलं. स्वतः लग्न केलं नाही. शाळेत शिकवून दोन खोल्यांचं घर बांधलं आणि त्यातली समुद्राकडची खोली प्रभाची, असं गावाला सांगून टाकलं. सूर्यकांतांनी मुंबईला बदली घ्यायची, म्हणजे पालशेत एका रात्रीवर येईल, आणि पुढं दोघांनी तिकडंच राहायचं, असं ठरलं होतं.

तसं प्रभाताई दिल्लीत सगळं शिकल्या. भाजीवाल्याशी हिंदीत हुज्जत घालायला शिकल्या, जानेवारीत दोन स्वेटर चढवून गच्चीत संत्री सोलायला शिकल्या. शेजारणी म्हणायच्या, मयेकरबाई पक्क्या दिल्लीवाल्या झाल्या. डोंबल झाल्या. दिल्लीत होतं ते शरीर, जीव सगळा पालशेतला.

लिंबूवाल्यांच्या वेळी बदलीचा अर्ज फाईलवर चढला. साहेब तोंडी हो म्हणाले, सही उद्या करतो म्हणाले, आणि त्याच संध्याकाळी मंत्रिमंडळात फेरबदल झाला. लिंबूवाले गेले, कॉफीवाले आले. आता मंत्री बदलला की टेबलावरच्या सगळ्या फायली सहीशिवाय खाली परत येतात आणि नव्या साहेबांपुढं नव्यानं मांडाव्या लागतात, अशी तिथली रीत. महिन्याभरानं प्रभाताईंनी विचारलं, "आपल्या फाईलचं काय झालं?"

"नाही झालं," सूर्यकांत म्हणाले.

एवढंच. तेव्हापासून बावीस वर्षं कॉफीवाल्यांच्या नावानं खडे फोडणं चालू होतं.

"पुढच्या साहेबांना सांगतो," सूर्यकांत म्हणायचे. पुढचे साहेब यायचे, त्यांची घडी बसेपर्यंत सूर्यकांत हवे असायचे, आणि घडी बसते न बसते तोच साहेब जायचे. दर दिवाळीला अक्का फोनवर विचारायची, "यंदा?" आणि प्रभाताई म्हणायच्या, "यंदा नाही गं, पुढल्या वर्षी नक्की." असं करता करता सूर्यकांतांची साठी आली. स्वानंदी म्हणाली, क्वार्टर सोडून गाझियाबादला आमच्याकडं या. प्रभाताईंनी ऐकूनही घेतलं नाही. निवृत्ती काही कुठल्या मंत्र्याच्या हातात नसते, आता पालशेत नक्की होतं.

निरोपसमारंभाला त्या ठेवणीतली नारायणपेठ नेसून गेल्या. हार झाला, शाल झाली, समोसे झाले. मग सूर्यकांतांचे जुने सहकारी हरिदासजी बोलायला उठले. हिंदीत त्यांनी प्रभाताईंकडं बघत त्या फेरबदलाची गोष्ट सांगितली. तीनशे फायली परत आल्या होत्या, सूर्यकांतजींनी रात्रीचा दिवस करून एकूण एक पुन्हा वर पाठवली. पाठवली नाही ती एकच, स्वतःच्या बदलीची. नवे साहेब आल्या आल्या त्यांच्यापुढं आपलंच काम कसं ठेवायचं, म्हणाले. "ऐसे लोग अब कहाँ मिलते हैं, भाभीजी," असं म्हणून हरिदासजी बसले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. प्रभाताईंनीही टाळ्या वाजवल्या. सगळे वाजवत होते.

घरी आल्यावर प्रभाताई साडीही न बदलता नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या. "म्हणजे कॉफीवाल्यांनी नाही म्हटलंच नव्हतं?"

"त्यांच्यापर्यंत गेलीच नाही," सूर्यकांत म्हणाले.

"आणि नंतर? नंतर सात मंत्री झाले."

सूर्यकांतांनी शालीची घडी केली, मोडली, पुन्हा केली. "आधी संकोच होता. नंतर... तिथं मी सगळ्यांना लागायचो गं. मुंबईत कुणाला लागलो असतो?"

"अक्काला मी लागत होते," प्रभाताई म्हणाल्या. "तीनशे लोकांची कामं केलीत अहो तुम्ही. माझंच तेवढं जड झालं?"

त्यांना फार राग आला होता, आणि रागापेक्षाही लाज वाटत होती. एका भल्या माणसाला बावीस वर्षं उगीच शिव्या घातल्या होत्या. त्या शिव्यांचा खरा धनी रोज ताटावर समोर बसून जेवत होता.

त्यांनी तिथूनच पालशेतला फोन लावला. "अक्का, आले गं मी. आता कायमची येतेय."

पलीकडून अक्का म्हणाली, "अगं, खोली दिली मी."

गावातल्या उपकेंद्रात नवी नर्सबाई आली होती, तिला राहायला जागा नव्हती. गेल्या पावसाळ्यात अक्का न्हाणीत पडली तेव्हा तिनंच उचललं. आता ब्लडप्रेशर तीच बघते, गोळ्या तीच हातावर ठेवते, रात्री दोघी एकत्रच जेवतात. "तुमच्याच खात्यातली म्हणायची की," अक्का कौतुकानं म्हणाली.

"पडलीस, आणि मला कळवलं नाहीस?"

"कळवून काय करायचं गं? तू दिल्लीत." अक्काच्या आवाजात तक्रार नव्हती. तेच प्रभाताईंना सोसेना. "तू ये की. बाहेरच्या खोलीत गादी घालू. आठ दिवस राहा, पंधरा दिवस राहा. आल्यागेल्याचं मी कधी कमी केलंय का?"

प्रभाताई हो म्हणाल्या, पथ्यपाणी विचारलं, फोन ठेवला. सूर्यकांत मोबाईल हातात घेऊन दारातच उभे होते. "उद्याचीच तिकिटं काढतो," ते घाईघाईनं म्हणाले, "आपल्या दोघांची."

"काढा," प्रभाताई म्हणाल्या. "परतीचीपण काढा."