दोन वाजताची लाल रेघ

त्या वर्षी गुलाबी अळीनं बीटी कपाशीची बोंडं आतून पोखरली होती आणि नुकसानीचे अर्ज ऑनलाइन भरायचा तो शेवटचा दिवस होता. अर्ज ज्या सर्व्हरवर जायचे तो बुलढाण्यात, माझ्या हाताखाली. सकाळपासून नुसता रांगत होता. साहेब म्हणाले, "एजंट बसवा. कुठं अडतंय ते तरी दिसू द्या." एजंट म्हणजे सर्व्हरच्या नाडीवर बोट ठेवून बसणारा छोटासा प्रोग्राम. सर्व्हर सुरू होताना जी फाइल वाचतो तिच्यात एक ओळ घालायची आणि सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करायचा. एवढंच.

एवढंच म्हणे! शेवटच्या दिवशी चालता सर्व्हर बंद करायचा? माझी पाचावर धारण बसली. उठलाच नाही तर? तीनदा म्हटलं, उद्या करू. साहेब ऐकतील तर ना. मग दीडची वेळ धरली. गावोगावी अर्ज भरून देणारे केंद्रवाले तेव्हा जेवायला जातात, आत कोणी नसणार. फाइल पाच वेळा वाचली आणि घामेजल्या बोटानं बटण दाबलं. चार मिनिटं श्वास घेतला की नाही, देव जाणे. सर्व्हर उठला. स्क्रीनवर एजंटाची हिरवी रेघ हलू लागली. मी डबा उघडला.

बरोबर दोनला रेघ लाल झाली. आमच्या वडनेर भोलजीच्या केंद्रातून एकामागून एक अर्ज येत होते आणि सर्व्हर प्रत्येकाला परतवत होता: पुन्हा लॉगिन करा. माय व! ही सवय मीच लावली होती. आधी दोन वर्षं मी त्याच केंद्रात बसायची. सकाळी साइट चालायची नाही, म्हणून लोकांचे अंगठे घेऊन, अर्ज भरून उघडेच ठेवायचे आणि गर्दी ओसरली की दोनला सगळे पाठवायचे. माझ्या जागी आलेल्या पोरीला मीच शिकवलं, आणि सर्व्हर बंद केला की ते उघडे अर्ज पुसले जाणार, हे मीच विसरले! आता कोणाच्या नावानं खडे फोडू?

बाबांचा अर्जही त्यातच होता. मी त्यांना फोन लावला.

"बाबा, केंद्रातले सगळे अर्ज कोरे झाले. परत अंगठे लागतीन."

"अवं, लोकं तं बाजारात गेले. कोनं केलं हे?"

"म्या."

मी शिव्यांची वाट पाहिली.

"अर्ज किती वाजेपर्यंत चालू हाय?"

"पाच."

"मंग रडू नको. आनतो मी त्याहीले."

पुढचे तीन तास मी खुर्चीतून हलले नाही. बाबा बाजारातून माणसं भाजीच्या पिशव्यांसकट ओढून आणत होते. एकेक अर्ज येई आणि मी नाव वाची. पाचला मिनिटभर बाकी असताना शेवटचा आला. केंद्रातल्या पोरीचा फोन आला, "ताई, सगळे झाले. काका तेवढे राह्यले."

मी बाबांना विचारलं, "तुमचा काऊन नाही?"

"एक म्हातारं लय सावकाश चालून राह्यलं होतं व. त्याले पुढं घातलं."

पाच वाजून गेले होते. रेघ हिरवी होती. एजंट सांगत होता, सर्व्हर उत्तम चालू आहे.