आत्यांची कडी

आमच्या आत्या कडीच्या आवाजावरनं दार वळखायच्या. आत्या म्हंजी माझ्या सासूबाई. फोनवर निस्तं खट झालं की सांगायच्या, ही कोल्हापूरच्या खोलीची, ही पुण्याच्या हॉस्टेलची. खोटं न्हाई, माझ्या लेकीची शपथ.

दीर अक्षय कोल्हापूरला शिकतो, नणंद शीतल पुण्याला. आमचं घर धरणाच्या वरच्या अंगाला, घरात रेंज न्हाई, मागं खडकावर चढलं तर येती. रोज जेवणं उरकली की आत्या बॅटरी घिऊन खडकावर. तीनच गोष्टी. "जेवलास? काय जेवलास? लाव कडी, ऐकव." पोरांनी फोन दाराला धरून कडी लावायची. दोघांचं खट ऐकलं की आत्या खाली यायच्या आन मग आमची कडी लावायच्या. तवर दार उघडं.

नवी नवरी होते तवा मला हसू यायचं. म्हनलं, "आत्या, ती तिकडं लांब, मग हितली कडी कुणासाठी उघडी ठिवता?"

"पोरं भाईर असताना कडी लावतं का कोण?" म्हनल्या. "तिकडं खट झालं की ती घरात आली."

एकदा अक्षयच्या खोलीची कडी तुटल्याली. त्यानं जेवणाच्या डब्याची वाजवली. आत्या खडकावरनं अशा वरडल्या, "मुडद्या, आईला डबा ऐकवतूस व्हय! सुताराला बोलीव!" मी अंगणात पोट धरून हसले. दुसऱ्या दिशी पोरानं नव्या कडीचं खट ऐकवलं, तवा कुटं गप झाल्या.

आन त्या दिशी अक्षयची कडी ऐकू आली, शीतलचा फोन बंद. आत्या खाली आल्या, पुना वर गेल्या, पुना खाली. हे रातपाळीला, घरात मी आन अंगावर पिणारी छकुली. आदल्या आठवड्यात खालच्या वाडीत बिबट्यानं शेळी नेलेली. मी लई भित्री, पयल्यापास्नं. म्हनलं, "आत्या, नका जाऊ आता. आन जायाचंच आसंल तर मला कडी लावू द्या, माझा जीव घाबरतुया."

त्यांनी छकुलीच्या डोक्यावरनं हात फिरवला. "लाव बाई. तुजं लेकरू घरात हाय. मी आले की ठोकीन."

मी लावली. ठोकायची वाट बघत, पोरीला पाजत पडले आन डोळा लागला, कसा लागला ठाव न्हाई. उजाडताना जाग आली. कडी तशीच. दार उघडलं तर आत्या पायरीवर, चौकटीला टेकून बसल्याल्या, पदर डोक्यावर, फोन मांडीत. हात लावला तर गार.

डॉक्टर म्हनले, हार्ट अटॅक, झटक्यात गेल्या. शीतलचा फोन पाण्यात पडल्याला. तिनं मैत्रिणीच्या फोनवरनं उशिरा लावला, आत्या खडकावरच होत्या. लेकीला म्हनल्या, "ऐकली तुजी कडी. आता मी जाते घरी."

घरीच आल्या त्या. पायरीपत्तूर. त्यांनी ठोकलं आन मला ऐकू आलं न्हाई, का छकुली उठंल म्हनून ठोकलंच न्हाई? हे म्हनतात, सोड आता. कशी सोडू? त्यांना कोल्हापूरची कडी ऐकू यायची, आन मी दाराच्या आत, हातभर लांब.

आता मीच जाते खडकावर, छकुलीला काखंत घिऊन. "जेवलीस? काय जेवलीस? लाव कडी." दोघं निमूट ऐकवतात. मला कुणाची कंची ते वळखू येत न्हाई, पर ऐकते.

काल शीतल म्हनली, "वहिनी, आता तू पन जाऊन लाव."

म्हनलं, "लावते. आदी पायरी बघते."