टेकबहादूरचा अंगठा

ऑक्टोबर संपायला चार दिवस होते. सकाळी मैनाचा, टेकबहादूरच्या बायकोचा, फोन आला, "अण्णा, हे उठत नाहीत हो…" रिक्षानं उणकलला त्यांच्या घरी पोचेपर्यंत माझ्या डोक्यात एकच फिरत होतं, नोव्हेंबर राहिला की! सांगायला लाज वाटते, पण दुःख मागाहून आलं. आधी आली ती भीती.

टेकबहादूर नेपाळचा. गोकुळ रोडवरच्या पंपांच्या कारखान्यात तो लेथवर, मी ऑफिसात कारकून. माझ्याशी मराठी, मिस्त्रीशी कन्नड, मशीनला शिव्या मात्र नेपाळीतून. आमचे पंप त्याच्या मुलखातही जायचे. ट्रक भरला की म्हणायचा, "अण्णा, पंपाचं बरं आहे, बिल फाडलं की सीमेपार. मलाही कुणी अडवत नाही. माझी पेन्शन तेवढी येईल का हो संगतीला?"

"गप रे, कुठं बोलू नकोस," मी दटावायचो.

तो निवृत्त झाला तेव्हा त्याच्या पेन्शनचा फॉर्म मीच भरला होता. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यायचा, मशीनवर अंगठा ठेवून. लेथनं त्याच्या बोटांच्या रेषाच खाल्लेल्या. म्हणून आठ दिवस आधीपासून खोबरेल चोळायचं, पाण्यात हात घालायचा नाही. "हळद लागलेल्या नवरीसारखा बसलायस की रे!" मी चिडवायचो, पण मशीनपुढे दोघांच्याही काळजाचं पाणी व्हायचं. तीन-तीनदा नाकारायचं ते. चौथ्यांदा हिरवा दिवा लागला की तो ओरडायचा, "एनू आगंगिल्ल अण्णा, काही होत नाही, जिवंत आहे मी!"

यंदा जूनमध्ये निरोप आला, गावाकडं थोरला भाऊ अंथरुणाला खिळलाय. टेकबहादूरचीही छाती दुखत होती. म्हणाला, "जाऊन येतो. मरायचं तर तिकडंच मरेन." मी घाबरलो. तिकडं अडकला, नोव्हेंबर चुकला, पेन्शन थांबली तर? मैनानं खायचं काय? पेन्शनच्या ऑफिसात विचारावं तर परदेशी म्हणून फाईलच उकरून काढतील, ही आणखी एक भीती. जन्मभर कारकुनी केलेला माणूस मी, झाकली मूठ उघडू नये एवढंच शिकलो. म्हटलं, "थांब. दाखला होऊ दे, मग खुशाल जा." थांबला बिचारा. भाऊ ऑगस्टमध्ये गेला, तरी थांबला.

टेकबहादूरचे दिवस झाल्यावर मैनाच्या पेन्शनचे कागद घेऊन त्या ऑफिसात गेलो. खिडकीतली पोरगी फाईल चाळत सहज म्हणाली, "दर वर्षी नोव्हेंबरच कशाला हवा होता? दाखला कधीही द्या, पुढं वर्षभर चालतो." चाचरत तो नेपाळचा असल्याचं सांगितलं, तर म्हणाली, "असू दे की, असे पुष्कळ आहेत." जूनमध्येच अंगठा देऊन तो जाऊ शकला असता, भावाला भेटला असता. विचारायला दोन मिनिटं लागली असती… हे मैनाला अजून सांगितलेलं नाही. धीरच होत नाही.

परवा उणकलला गेलो. कोनाड्यात अस्थींचा तांब्या, शेजारी खोबरेलाची बाटली. मैनानं विचारलं, "अण्णा, यांना गावच्या नदीत सोडून येऊ का?" तिची पेन्शन अजून मंजूर व्हायचीय. कधी बोलावतील, काय मागतील… "जा" म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर आलं, "थांब थोडं, मैना."

तिनं बाटलीचं झाकण काढलं आणि स्वतःच्या अंगठ्याला तेल चोळू लागली.