पाणी न धरणारी घागर

माझ्या मोठ्या भावाला माझी मडकी कधीच सहन झाली नाहीत. मी नोकरीमुळे दोन वर्षं मेक्सिकोत राहिले आणि तिथली मातीची भांडी घेऊन अमरावतीला परतले. हा अकोल्याहून आला, भरलेली फळी पाहिली आणि म्हणाला, "लोकं सोनं आणतात, तू गाडगे जमवून राहिली." तेव्हापासून त्याच्यापुढे मी त्या भांड्यांबद्दल अवाक्षर काढत नसे.

आई शेवटची वर्षं माझ्याकडेच होती. ती गेल्यावरची पहिली अक्षय तृतीया आली. तिच्या नावानं घागर भरायचा मान अर्थातच मुलाचा. साहेब बायकोसह आले ते हात हलवत. कोरी घागर आणायची राहिली होती. नातेवाईक जमलेले.

"इतके मडके पडले हायेत घरात," म्हणत त्यानं फळीवरची काळी, चकचकीत घागर उचलली.

"ते नको, दादा. ते पाणी धरत नाही."

"मडकं अन् पाणी धरत नाही? मंग घेतलं कायले?"

मी सांगितलं. मेक्सिकोच्या वाहाका प्रांतातल्या ज्या गावची ही घागर, तिथे पूर्वी राखी, बिनचकाकीच्या घागरी होत, त्यांतून दारू गावोगाव जाई. पुढे सुकत आलेल्या मातीवर दगड घासून चकाकी आणायची युक्ती निघाली, त्यासाठी भट्टीची आच कमी केली. चकाकीवर गिऱ्हाईक भाळलं, पण घागर पाझरू लागली. त्यानं अर्धंही ऐकलं नाही. चारचौघांत देखणी दिसेल अशीच त्याला हवी होती.

पुरणाचं ताट येईपर्यंत भरलेल्या काळ्या घागरीखालचा पाट ओला झाला. तो तांब्यानं भर घालू लागला. पुन्हा, पुन्हा. मला त्याची जराही दया आली नाही. आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा तिला पेलाभर पाणी पाजायला हा कधी फिरकला नव्हता, आणि आता तांब्यावर तांबे ओतत होता.

मी काळी घागर उचलून बाजूला ठेवली. त्याच गावची एक जुनी राखी घागर माझ्या खोलीत होती. ती आणली, भरली, पाटावर मांडली.

"पोरीनं भरलेली घागर आईले पोचत नाही," तो सगळ्यांदेखत म्हणाला.

"शेवटचा उन्हाळा आई हिच्यातलंच पाणी पेली. मीच पाजलं. तवा त पोचत होतं."

तो न जेवता उठला. वहिनी उठली नाही. तिनं घागरीला हात जोडले आणि माझ्याकडे न बघता वाढण्यासाठी आपलं ताट पुढे केलं.