दाराआडचं काहून

"का. म्हण, का," मॅडम म्हणाल्या.

"का."

"आता पूर्ण वाक्य."

"ही बाई असं का बोलते?"

"हं. आता कसं, माणसासारखं वाटलं."

सगळा वर्ग हसला. मी उभीच. एम.ए. मराठीचा वर्ग, सदरजवळचं कॉलेज. मी विचारलं होतं एवढंच, "मॅडम, हे बाई असं काहून बोलते?" उत्तर मिळालंच नाही. मागच्या बाकावरचा एक जण त्या दिवसापासून मला "काहून" म्हणूनच हाक मारायला लागला. हसणाऱ्यांत निम्मे काटोल-उमरेडचे, माझ्याच बोलीतले. यांच्या घरी काय पुण्याहून मराठीचा नळ येतो?

बाई होती एका जुन्या, नावाजलेल्या कादंबरीतली. घरात आश्रयाला आलेल्या मुलीचं ती पाहुण्यांसमोर तोंड भरून कौतुक करते. पाहुणे गेले की खोलीत नवऱ्याला म्हणते, हिला फार डोक्यावर चढवू नका. त्यावर मॅडमनी जे सांगितलं ते मला पाठ आहे. "चारचौघांतलं बोलणं हा पोशाख असतो. माणूस ओळखायचा असेल तर तो दाराआड काय बोलतो ते ऐका."

ऐकलं, मॅडम. पुढे सांगते.

मी कोराडीहून बसने येते. बाबा तिथल्या वीजकेंद्रात ठेकेदाराच्या हाताखाली राख उपसतात. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मीच पहिली. त्या तासानंतर मॅडमनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर हात ठेवला. "तुझ्या भल्यासाठीच बोलते गं. तुझ्यासारख्या मुलींचा मला अभिमान आहे." मी भाळले. घरीसुद्धा मले-तुले सोडून मला-तुला सुरू केलं. आई भाकर थापता थापता थांबली.

"कोणासंग बोलून राहिली वं? घरात तं आपणच आहो."

मग विभागप्रमुख सरांनी मला सेमिनार दिला. विषय, कादंबरीतलं खाजगी संभाषण आणि स्वभावदर्शन. मार्क मॅडम देणार होत्या. मी लिहिलेलं दाखवायला त्यांच्या खोलीकडे गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. आत मॅडम एकट्याच, फोनवर बहिणीशी बोलत होत्या.

"अवं ताई, काय सांगू तुले! ते कोराडीची पोरगी वर्गात आली का राख येते. सरायनं सेमिनार तिलेच काहून देला, मले तं समजत नाही. बाप राख उपसते, हे बी तेच करन."

राग नंतर आला. आधी कानावर आदळलं ते "काहून". माझ्या तोंडातून जो शब्द यांनी काट्यासारखा उपटून काढला, तो यांच्या तोंडात विड्यासारखा रंगलेला. म्हणजे बाई आमच्यातलीच! माझ्या बोलण्यात खोट नव्हतीच. यांना स्वतःची लाज वाटत होती, ती यांनी माझ्या अंगावर झटकली होती. मग राग आला. असा आला की दार न ठोठावताच परत फिरले. मी रडले नाही. घरी जाऊन सेमिनार नव्याने लिहिला.

मैत्रिणीने वाचला आणि घाबरली. "मार्क त्यायच्या हातात हायेत. पागल झाली का वं?"

"झाली," मी म्हटलं.

सेमिनारला सर समोर बसले होते, शेजारी मॅडम. कादंबरीतलं संभाषण वाचून झालं. मी म्हटलं, "आता दुसरं एक. आधी चारचौघांतलं." आणि वाचलं, तुझ्यासारख्या मुलींचा मला अभिमान आहे. "आता त्याच बाईचं दाराआडचं." तेही वाचलं. अवं ताईपासून शेवटपर्यंत, त्याच हेलात, एकही शब्द न गाळता. कोणी हसलं नाही. मागच्या बाकावरचा तोसुद्धा नाही.

"हे कोणत्या प्रकरणातलं?" सरांनी विचारलं.

"मॅडमना माहीत आहे, सर."

मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला गोड वाटलं. खोटं कशाला सांगू? फार गोड वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला खोलीत बोलावलं आणि स्वतः उठून दार लावलं. "चुकलं वं माझं. विसरून जाय. कोणाले सांगू नको." पहिल्यांदाच माझ्याशी आपल्या बोलीत बोलल्या. डोळे भरून आले होते. दुसरी कोणी पाघळली असती. पण हसवायचं चारचौघांत आणि माफी मागायची दाराआड? मी दार सताड उघडलं.

"वर्गात म्हणा, मॅडम. याच बोलीत."

सेमिनारला मला काठावर पास होण्यापुरते मार्क पडले. पडू देत. हे सगळं मी मुद्दाम त्यांच्या पुस्तकी मराठीत लिहिलं, समजलं नाही अशी सबब उरू नये म्हणून. वर्गात त्या अजून बोललेल्या नाहीत. मी आता पहिल्या बाकावर बसते. तास सुरू झाला की माझा हात वर.

"मॅडम, हे असं काहून?"

त्या वर्गात माफी मागेपर्यंत रोज विचारणार आहे.