बुडापेस्टला पाणी कधी पोचतं

माझं बालपण शनिवार पेठेतलं. पानशेत फुटलं तेव्हा मी आईच्या कडेवर होतो. स्वतःचं काही आठवत नाही, पण घरात इतक्यांदा ऐकलंय की पाहिल्यासारखंच झालंय. आता बिबवेवाडीत राहतो. इथे नदीचा काही संबंध नाही, तरी पावसाळ्यात खडकवासल्यातून किती पाणी सोडलं हे पाहिल्याशिवाय मला चहा जात नाही. धरणातून पाणी सुटलं की काही तासांत शहरात येतं, आणि तेवढ्यात खालच्या घरातलं सामान वर गेलंच पाहिजे. हे नदीकाठच्या पुणेकराला शिकवावं लागत नाही.

मुलगी बुडापेस्टला राहते, डॅन्यूब नदीपासून दोन गल्ल्या आत, तळमजल्यावर. तिला सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिला एवढा प्रवास झेपणार नव्हता, म्हणून माहेरानेच तिकडे जायचं ठरलं. तिची आई आता नाही, त्यामुळे माहेर म्हणजे मी एकटा. तिकीट काढलं. डिंक, खारीक आणून लाडू वळायला शिकलो. पहिले लाडू दाताने फुटत नव्हते, ते सोडा.

एका सकाळी बातम्यांत दिसलं, वर ऑस्ट्रियात त्याच नदीला पूर आलाय. मी लगेच फोन लावला.

"वरून पाणी निघालंय. सामान वर हलव, आत्ताच्या आत्ता!"

"बाबा, ते इथे यायला पाच-सहा दिवस लागतात. आणि आमच्या गल्लीपर्यंत येत नाही."

पाच-सहा दिवस? नदी आहे की पोस्टाचं पार्सल? मला काही पटेना. त्या दिवशी सात वेळा फोन केला, दुसऱ्या दिवशी किती ते मोजलं नाही. जेवण जाईना, एका जागी बसवेना. हॉलमधून गॅलरीत, गॅलरीतून हॉलमध्ये नुसत्या येरझाऱ्या. नकाशा उघडून पाणी कुठवर आलं असेल ते बोटाने बघायचो. तिसऱ्या दिवशी बोलू नये ते बोललो.

"तुझी नसेल तर नसू दे, पोटातल्याची तरी काळजी कर."

ती "हलवते" म्हणाली आणि मला हायसं वाटलं. लाज वाटते, पण वाटलं खरं.

जावई कामावर गेल्यावर तिने एकटीनेच पुस्तकांची खोकी दुसऱ्या मजल्यावर शेजारणीकडे नेली. संध्याकाळी कळा सुरू झाल्या. जावयाने मला हे दुसऱ्या दिवशी इस्पितळातून कळवलं. कळा थांबल्या होत्या, बाळ ठीक होतं. तिला मात्र झोपून राहायला सांगितलं होतं.

पाणी सहाव्या दिवशी पोचलं. काठाचा खालचा रस्ता बुडाला. तिच्या गल्लीत थेंबही आला नाही.

आठवड्याने तिचा फोन आला. तिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"बाबा, तिकीट पुढचं काढाल का? बाळ झालं की या. आत्ता सासूबाई येतायत."

"अगं, पण माझी सगळी तयारी झालीये."

"तुम्ही इथे असलात की मला झोप लागणार नाही, बाबा."

मी त्याच दुपारी तिकीट बदललं. उशीर केला असता तर तिचं मन वळवायला परत फोन केला असता.