आईच्या मापाची खुर्ची

आमचे बाबा शिंपी. आयुष्यभर त्यांनी गिऱ्हाइकांना "बुधवारी या" असं सांगितलं. कोणत्या बुधवारी ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि कुणी फारसं भांडलंही नाही, कारण कपडा अंगात घातला की माणूस भांडायचं विसरायचा. पुढच्या खोलीत बाबांचं दुकान. मधल्या खोलीत आई, म्हणजे काज-बटणं, हातशिलाई आणि बुधवारी येऊन गेलेल्या गिऱ्हाइकांची समजूत. मागे परस. परसात भिंतीशी एक झाड, मशीनचे दोन गंजके पाय, एक मुंडकं नसलेला पुतळा आणि कमरेइतकं गवत.

यंदा उन्हाळा लागला आणि आईने जेवताना शांतपणे सांगितलं, "मला मागे बसायला जागा हवी आहे. झाडाजवळ, हात मांडीवर ठेवून. काहीही न करता. पंधरा तारखेपर्यंत झालं नाही तर गवंड्याला सांगून ठेवलंय. तो सगळीकडे सिमेंट घालून देईल. निदान कपडे तरी वाळतील."

"सिमेंट?" बाबांनी घास खाली ठेवला. "घरात कारागीर असताना? मी करतो सगळं माझ्या हातांनी."

आईने डाळीचं पातेलं पुढे सरकवलं. हे वाक्य तिने घराच्या रंगाच्या वेळीही ऐकलं होतं.

मी शाळेत शिकवते. सुट्टीत माहेरी विश्रांतीला आले होते, आणि या भानगडीत आयती सापडले. मला वाटलं, दुसऱ्या दिवशी कुदळ निघेल. निघाली ती टेप. बाबांनी परस तीन वेळा मोजलं. "मापात पाप नको," म्हणाले. मग खाकी कागदाची गुंडाळी आली आणि बागेचं कटिंग सुरू झालं. बाबांना लहान नकाशा काढता येत नाही. त्यांना सगळं खऱ्या आकाराचंच लागतं. पायवाट कागदाची, वाफे कागदाचे, मधोमध एक गोल तळं, तेही कागदाचं. प्रत्येक झुडपासाठी एक चकती, आणि चकतीभोवती दोन बोटं दाब. "झाडं अंग धरतात," बाबा म्हणाले, "पुढे उसवायला जागा हवी." या एका वाक्याबद्दल मी त्यांना आजही मानते. बाकी दहा दिवस नुसतं नमनाला घडाभर तेल चाललं होतं.

हे सगळं गवतावर अंथरून खिळ्यांनी टाचलं. दुपारी वारा सुटला. संध्याकाळी शेजारीणबाई घडी घातलेला मोठा कागद घेऊन दारात उभ्या. "तुमचं तळं आमच्या दोरीवर येऊन पडलं होतं," त्या म्हणाल्या. चेहरा अगदी गंभीर ठेवला होता बिचारीने.

माझा पारा चढला. "बाबा, एक कुदळ तरी मारा. नऊ तारीख झाली."

"कापड एकदा चुकीचं कापलं की संपलं."

"ही माती आहे. खड्डा चुकला तर बुजवता येतो."

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी रेडिमेड घालून त्यांच्या दुकानात आले होते.

शेवटी गवत मीच कापलं. कात्री मागितली तर बाबा ती छातीशी धरून उभे राहिले, तेव्हा शेजारणीकडून विळा आणला आणि तळहाताला चार फोड आणले. तारीख जवळ आली तशी बाग मापाने कमी होत गेली. आधी तळं गेलं, मग वेलीची कमान, मग अर्धी पायवाट. उरलेल्या दोन वाफ्यांत मी विकत आणलेली रोपं लावली. आई खिडकीतून बघायची आणि पुन्हा काजात सुई घालायची. एकदा तिने मला हळूच विचारलं, "बसायचं राहील ना गं?" तिच्या तोंडून असा सूर मी क्वचित ऐकला होता. मला बाबांचा खराच राग आला.

पण बसायच्या जागेला बाबांनी हात लावू दिला नाही. "बाकडं नको. बाकडं म्हणजे तयार कपडा, कुणालाही होतो. तिला मापाची खुर्ची करतो. हातांची." जुन्या पलंगाच्या फळ्या काढल्या, मापाची वही उघडली, दार लावून घेतलं आणि तीन दिवस ठोकाठोकी केली. खुर्ची देखणी झाली होती, खोटं का बोलू. कडा अशा घासल्या होत्या की रेशमाचा धागा अडकला नसता. पंधरा तारखेला सकाळी ती भिंतीशी, झाडाच्या सावलीत, जमिनीत पक्की रोवली आणि बाबांनी आईला ट्रायलला बोलावलं.

आई पदर सावरून बसली. खुर्चीत गेली, आणखी थोडी गेली, मग थांबली.

"कशी वाटते?"

"छान आहे," आई म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "अहो, मी अडकले."

बाबा गुडघ्यावर बसून चारी बाजूंनी बघू लागले. "कुठे काचतंय?"

"सगळीकडे."

मी वही हिसकावून घेतली. आईचं माप पहिल्याच पानावर होतं, आणि खाली तारीख होती त्यांच्या लग्नाच्या आठवड्यातली. त्यानंतर आईचं माप कुणी घेतलंच नव्हतं. तिचे कपडे तीच शिवायची, उरलेल्या कापडात, उरलेल्या वेळात.

मग मात्र मी बोलले. "रस्त्याने जाणाऱ्याच्या छातीचं माप तुम्ही नजरेने सांगता. घरातल्या माणसाकडे अडतीस वर्षांत एकदा बघितलं नाहीत?"

बाबा ओशाळले. खाली बघत म्हणाले, "बघतो की. मला तेवढीच दिसते ती."

"डोळे तपासून घ्या," आई म्हणाली. पण तिचे कान लाल झाले होते.

नेमका तेव्हाच गवंडी आला. खांद्यावर घमेलं, मागे सिमेंटची पोती लादलेली हातगाडी. खुर्चीत रुतलेली आई, गुडघ्यावर बाबा आणि वही घेऊन तणतणणारी मी, असं सगळं त्याने पाहून घेतलं. "कुठून सुरू करू?" त्याने आईलाच विचारलं. घरात कुणाचं चालतं हे त्यालाही कळत होतं.

बाबा गुडघ्यावरून उठले नाहीत. आईने दोन वाफ्यांकडे पाहिलं, त्यांतल्या हातभर रोपांकडे पाहिलं.

"नको," ती म्हणाली. "इथे मी बसते."

गवंडी गेला. बाबा धावत जाऊन करवत घेऊन आले. "एक हात कापतो, लगेच मोकळी होशील."

"दुपारी कापा."

तेवढ्यात दुकानातून गिऱ्हाइकाची हाक आली. बाबांच्या तोंडून सवयीने निघालं, "अगं, जरा बघ..."

"अडतीस वर्षं हाक आली की उठले," आई म्हणाली. "आज उठताच येत नाही. फार बरं वाटतंय."

बाबा करवत घेऊनच दुकानात गेले. मी आईजवळ जमिनीवर बसले. थोड्या वेळाने आतून बाबांचा आवाज आला, पांढऱ्या बटणांचा डबा कुठे ठेवलाय म्हणून. मग पुन्हा आला, जरा मोठ्याने.

आईला ठाऊक होतं. तिने सांगितलं नाही.